आधी कोपरा, मग चढाई

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत, कबड्डीच्या मैदानाच्या कडेला बसून वर्षानुवर्षे खेळ पाहणाऱ्या जाणत्या मंडळींत आणि निवड समित्यांवर बसणाऱ्या अनुभवी गृहस्थांतही, अलीकडे एक सिद्धान्त इतका रूढ होऊन बसला आहे की त्याला पुरावा मागणे हेच अनेकांना अप्रशस्त वाटू लागले आहे. तो सिद्धान्त असा की, संघ उभारताना, मग तो प्रो कबड्डी लीगच्या लिलावातून उभारावयाचा असो वा जिल्ह्याच्या निवड चाचणीतून, पहिली पसंती, पहिला पैसा आणि पहिली जागा चढाईपटूला द्यावी. दोन-तीन नामांकित चढाईपटू पदरी पडले म्हणजे उरलेल्या शिलकेतून कोपरे आणि मध्यरक्षक यांची तरतूद कशीही करता येते. हा सिद्धान्त मला मुळातच चुकीचा वाटतो, आणि ज्या वऱ्हाडात तालमीची परंपरा अद्याप जिवंत आहे त्या वऱ्हाडाने तो स्वीकारावा ही गोष्ट तर मला अतिशय दुःखदायक वाटते. म्हणून त्याचा प्रतिवाद येथे सविस्तर करीत आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे. ते म्हणतात, गुणफलक पाहा: कोणत्याही सामन्यात चढाईचे गुण पकडीच्या गुणांहून पुष्कळ अधिक असतात, आणि ज्याच्या हातून गुण येतात त्याच्यासाठी पैसा मोजणे हाच व्यवहार. ते म्हणतात, लिलावात बसणारे संघमालक स्वतःच्या खिशातला पैसा खर्च करतात आणि ते चढाईपटूवर सर्वांत मोठी बोली लावतात, त्या अर्थी त्यांना काही तरी कळत असले पाहिजे. आणि ते असेही म्हणतात की चांगला पकडपटू स्वस्तात मिळतो, चांगला चढाईपटू मिळत नाही. सबब जे दुर्मीळ ते आधी घ्यावे. तिन्ही मुद्दे वरकरणी सबळ आहेत. पैकी पहिल्याचे उत्तर खेळाच्या नियमांतच आहे, दुसऱ्याचे लिलावांच्या इतिहासात आहे, आणि तिसरा मुद्दा जरा खोलात जाऊन तपासावा लागतो.

गुणफलकावर चढाईचे गुण अधिक दिसतात हे खरे. परंतु जो गुण प्रतिपक्षाला मिळू दिला नाही तो कोणत्याही गुणफलकावर लिहिला जात नाही. उजव्या कोपऱ्यावरचा गडी पाय अचूक मागे घेऊन चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठवतो, तेव्हा त्याच्या नावावर काहीही जमा होत नाही. परंतु अशा दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत प्रतिपक्षाला गुण मिळवणे भाग पडते, नाही तर त्याचा चढाईपटू बाद होतो, आणि त्या सक्तीत उतरलेल्या गड्याची पकड करणे किती सुकर असते हे ज्यांनी खेळ खेळला आहे त्यांना सांगावयास नको. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पकड यशस्वी झाली म्हणजे एक गुण तर मिळतोच, शिवाय आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन मैदानात येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी परततो. याचा अर्थ, ज्या चढाईपटूसाठी अर्धी तिजोरी रिती केली तो एकदा बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आणणारी पहिली आशा त्याच्या संघातील पकडपटू हीच असते. दोन कोपरे ढिले असलेल्या संघाचा नामांकित चढाईपटू वीस मिनिटांच्या डावातील कितीतरी वेळ बाकावर बसून काढतो, आणि तो परत यावा म्हणून दुय्यम चढाईपटूंना अकाली धाडस करावे लागते. त्या धाडसात आणखी गडी जातात, आणि अखेरीस लोण बसतो. उलट ज्या संघाचे कोपरे पक्के आहेत त्याचे तीनच गडी उरले तरी तो संपत नाही, कारण तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, आणि लोणाच्या उंबरठ्यावर असलेला सामना त्या एका पकडीत फिरतो.

आता लिलावांचा इतिहास. मे २०१८ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात सहा खेळाडूंनी प्रथमच एक कोटीचा आकडा गाठला: मोनू गोयत, राहुल चौधरी, नितीन तोमर, दीपक हुडा, रिशांक देवाडिगा आणि इराणचा फझल अत्राचली. पहिले पाच प्रामुख्याने चढाईचे. सहावा तेवढा डाव्या कोपऱ्याचा. मोनू गोयतवर हरियाणा स्टीलर्सने १ कोटी ५१ लाख खर्च केले, तेव्हा संघाची एकूण तिजोरी ४ कोटींची होती; तो संघ आपल्या गटात तळाला, सहाव्या स्थानी राहिला. अत्राचलीला घेणारा यू मुंबा त्याच गटात दुसरा येऊन बाद फेरीत पोहोचला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने जो संघ पाठवला त्यात या पाच जणांपैकी मोनू, राहुल, रिशांक आणि दीपक हे चौघे होते, आणि त्यांच्या जोडीला प्रदीप नरवाल व अजय ठाकूर होते. एवढा चढाईसंपन्न संघ भारताने क्वचितच उभा केला असेल. १९९० पासून सलग सात सुवर्णपदके जिंकलेला हा देश उपान्त्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला आणि पुरुषांच्या कबड्डीतले सुवर्ण प्रथमच गमावून बसला. ज्यांच्यावर देशातल्या सर्वांत मोठ्या बोल्या लागल्या होत्या असे चढाईपटू हाताशी असताना चाळीस मिनिटांत अवघे अठरा गुण! इराणचे गडी काही अतिमानवी नव्हते; त्यांच्या साखळ्या एकमेकींना ओळखत होत्या आणि त्यांचे कोपरे अचूक वेळी झेप घेत होते, एवढेच.

पुढच्या वर्षीचा दाखला मला त्याहूनही निर्णायक वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१८-१९ च्या हंगामात यू मुंबाकडून दोनशेहून अधिक चढाईगुण मिळवून एका रात्रीत नामांकित झाला, आणि २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्याने त्या पैशाचे चीज केले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण नव्या संघाकडूनही त्याने पुन्हा दोनशेचा टप्पा ओलांडला. म्हणजे चढाईपटू तोच, त्याची कामगिरीही तशीच. आणि तरी तेलुगू टायटन्स बारा संघांत अकरावे आले. इकडे देसाईला गमावलेला यू मुंबा अत्राचली, सुरिंदर सिंग, संदीप नरवाल यांच्या बळावर उपान्त्य फेरीत गेला. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एक घटक काढून घेऊन दुसरा तसाच ठेवतात आणि परिणाम पाहतात. लीगच्या दप्तरात तसा प्रयोग आपोआप घडून नोंदला गेला आहे, आणि प्रतिपक्षाने त्याकडे पाहिलेलेच नाही.

असे दाखले पुढेही येतच राहिले. प्रदीप नरवालला पाटणा पायरेट्सने सोडले आणि यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाखांना घेतले, तेव्हा पाटण्याचे दिवस भरले असे सर्वत्र बोलले गेले. त्या २०२१-२२ च्या हंगामात पाटणा गुणतालिकेत पहिला आला आणि अंतिम सामना केवळ एका गुणाने हरला, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यावर उभा असलेला मोहम्मदरेझा शादलुई हा इराणी तरुण ३१ लाखांत मिळाला होता. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले. तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाला मुकला, आणि तरीही तो संघ इतिहासात प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला, कारण सागर राठी आणि साहिल गुलिया हे दोन कोपरे जागेवर होते आणि त्यांच्या आश्रयाने नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू निर्धास्तपणे खेळला. पुढच्या लिलावात त्याच पवनसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. तिजोरी ५ कोटींची. त्यातला अर्ध्याहून अधिक हिस्सा एका माणसावर. संघ २२ सामन्यांपैकी २ जिंकून तळाला गेला. दुखापतीतून सावरून आलेल्या पवनचा यात यत्किंचितही दोष नाही. दोष आहे तो ज्यांनी त्याच्या पाठीमागे भिंत उभारली नाही त्यांचा.

याच हंगामात आपल्या महाराष्ट्राच्या पुणेरी पलटणने जे केले ते आमच्या वऱ्हाडी निवडकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे. पलटणने आपली मोठी बोली, २ कोटी ३५ लाखांची, शादलुईवर लावली. चढाईसाठी मात्र तिने लिलावाच्या बाजारात धाव घेतली नाही. अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे, मोहित गोयत हे तरुण तिने आधीच आपल्या छायेत वाढवले होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून पलटणने आपले पहिले विजेतेपद मिळवले. २८-२५ ही गुणसंख्याच पुरेशी बोलकी आहे: अंतिम सामना कोणी किती गुण लुटले यावर ठरला नाही, कोणी किती कमी दिले यावर ठरला. पुढच्या हंगामात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि मध्यरक्षक जयदीप दहिया याच्या नेतृत्वाखाली हरियाणाने २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ असे हरवले. त्या हंगामात तीनशेहून अधिक चढाईगुण मिळवणारा देवांक दलाल हरणाऱ्या संघात होता.

माझ्या पक्षाविरुद्ध जाणारे दाखलेही आहेत, आणि ते झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. २०१७ मध्ये प्रदीप नरवालने एका हंगामात ३६९ चढाईगुण मिळवून पाटण्याला तिसरे विजेतेपद मिळवून दिले. जानेवारी २०१९ मधील अंतिम सामन्यात पवन सेहरावतने एकट्याने २२ गुण घेऊन बंगळूरु बुल्सला विजेता केले. हे दोन्ही पराक्रम मला मान्य आहेत. परंतु पाटण्याच्या त्या साम्राज्याचा पाया पाहिला तर २०१६ च्या दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी संघनायक धर्मराज चेरलाथन हा कोपऱ्याचाच गडी होता आणि दुसऱ्या कोपऱ्यावर अत्राचली होता. आणि बंगळूरुचा पवन त्या वेळी कोट्यधीशांच्या पंगतीत बसलेला नव्हता. उलट दिशेचा दाखला २०२५ चा: गुजरात जायंट्सने शादलुईसाठी २ कोटी २३ लाख मोजले आणि संघ पहिल्या आठांतही आला नाही. यावरून प्रतिपक्ष म्हणेल, पाहा, कोपराही तारत नाही. माझे उत्तर असे की एकटा कोपरा कधीच तारत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. कोपऱ्याची झेप फसली तर शेजारच्या मध्यरक्षकाने त्याच क्षणी अंग टाकावे लागते. ही जोडी एकमेकांच्या श्वासावर चालते. दोन कोपरे आणि दोन मध्यरक्षक हा चौघांचा समुच्चय म्हणजे संघाची एक जागा आहे असे मानून ती आधी भरावी, हे माझे प्रतिपादन आहे. एका नामांकित गड्याला चौपट भावाने विकत घ्यावे हे नव्हे. गुजरातने चढाईपटूंच्या बाबतीत इतरांनी केलेली चूक कोपऱ्याच्या बाबतीत केली.

येथेच तिसऱ्या मुद्द्याचा निकाल लागतो. पकडपटू स्वस्तात मिळतो म्हणून त्याला शेवटी घ्यावे, हा युक्तिवाद किंमत आणि अग्रक्रम यांची गल्लत करतो. ज्याची किंमत कमी त्याचा विचार नंतर करावयाचा, असा शिरस्ता कोणत्याही शहाण्या कारभारात नाही. कपाशीच्या महागड्या बियाण्यावर सारी शिल्लक लावून पावसाच्या तोंडावर बांधाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला पूर्णाकाठचा कोणीही माणूस मूर्खात काढील. शिवाय जी वस्तू स्वस्त आहे ती संख्येने विपुल आहे असे नव्हे. चढाई ही एकट्याची कला आहे. दम, पायाची चपळाई आणि धिटाई असलेला मुलगा एका हंगामात डोळ्यांत भरू लागतो, आणि म्हणूनच दर वर्षी कोणी ना कोणी नवखा चढाईपटू अल्प किमतीत घेतला जाऊन हंगामाच्या अखेरीस गाजलेला असतो. कोपऱ्याच्या गड्याला तसे पिकता येत नाही. समोरच्या चढाईपटूचा कोणता पाय खोटा आणि कोणता खरा हे ओळखण्यासाठी हजारो चढाया अंगावरून जाव्या लागतात, आणि शेजारचा गडी बदलला की त्या ज्ञानाचा निम्मा भाग पुन्हा शिकावा लागतो. ज्याला पिकावयास वेळ लागतो आणि ज्याचे मोल जोडीत आहे ते आधी ठरवावे, आणि ज्याची पैदास दर वर्षी नव्याने होते ते मागाहून पाहावे, हा क्रम मला तर्कशुद्ध वाटतो.

खेळाडू वाटून घेण्याचा प्रश्न काही कबड्डीनेच प्रथम सोडवावयास घेतला नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची संघवार निवड करण्याची प्रथा ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात सुरू झाली, आणि त्या पहिल्या निवडीत पहिला मान कोणाला मिळाला? चेंडू घेऊन धावणाऱ्या, प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत असलेल्या जे बरवँगर या तरुणाला. आणि तो व्यावसायिक मैदानावर एकही सामना खेळला नाही. पुढे अनेक दशकांच्या अनुभवाने तेथील संघांनी हे ओळखले की चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा, ज्याचे नावही सामान्य प्रेक्षकाला ठाऊक नसते असा डावीकडचा धिप्पाड रक्षक, त्याची जागा संघातील सर्वांत मोलाच्या जागांपैकी एक आहे, आणि आज त्या जागेसाठी ते पहिल्या फेरीतील निवड आनंदाने खर्ची घालतात.

आणि योगायोग असा की त्याच १९३६ साली अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवावयास गेले होते आणि त्यांत आपला हुतूतू होता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या या संस्थेने वऱ्हाडात व्यायामाची जी परंपरा रुजवली ती आखाड्याची आणि मल्लखांबाची परंपरा होती: मजबूत पकड, स्थिर पाय, आणि समोरच्याचा भार स्वतःच्या अंगावर घेऊन त्याला खाली आणण्याची विद्या. पट काढणे हे कुस्तीतले कौशल्य जसेच्या तसे कोपऱ्याच्या गड्याला लागते, आणि कंबरेला मिठी घालून जागच्या जागी खिळवणे हे मध्यरक्षकाला. आमच्या काळ्या मातीत वाढलेला बुटका, भरीव बांध्याचा, तालमीत दोन वर्षे घाम गाळलेला मुलगा हा जन्मजात पकडपटू असतो. आणि आज त्याच मुलाला, दूरदर्शनवर कोटींचे आकडे ऐकून, आपण चढाईपटू झालो नाही तर आपले काही खरे नाही असे वाटू लागले आहे. ही त्याची समजूत घडवण्यात आम्हा वडीलधाऱ्यांचा वाटा आहे. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, म्हणजे मुंबई-पुण्याच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या खेळाडूंच्या आश्रयाला जाण्याची सोय आम्हांस नाही. जे आहे ते आमच्या अकरा जिल्ह्यांतूनच काढले पाहिजे, आणि जे आहे ते उत्तम पकडपटूंचे भांडवल आहे.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो भावनेचा आहे: लोक चढाई पाहण्यासाठी येतात. गावच्या रात्रीच्या सामन्यांत विजेच्या दिव्यांखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून खेळ पाहणाऱ्या जमावात ज्याने कधी वेळ घालवला आहे त्याने मला सांगावे की सर्वांत मोठा कल्लोळ केव्हा उठतो. पाहुण्या संघाचा गाजलेला चढाईपटू मध्यरेषेपासून हातभर अंतरावर असताना आपल्या गावच्या पोराने त्याचा घोटा धरला आणि बाकीचे तिघे त्याच्यावर कोसळले, त्या क्षणाला जो गलका होतो त्याची बरोबरी कोणतीही अव्वल चढाई करीत नाही. प्रेक्षकाला काय आवडते हे आपण लीगच्या जाहिरातींवरून ठरवू लागलो आहोत. गावाला ते आधीपासून ठाऊक आहे.

तेव्हा माझी मागणी निवड समित्यांकडे आहे आणि ती अगदी कारभाराच्या पातळीवरची आहे. आज बहुतेक निवड चाचण्यांत प्रत्येक मुलाला चार-दोन चढाया करावयास सांगतात आणि त्यावरून त्याची लायकी ठरवतात; पकड दिसली तर दिसली. हा शिरस्ता बदलावा. चाचणीचा पहिला दिवस सर्वस्वी बचावासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी एकेकट्या मुलाला न पाहता कोपरा व मध्यरक्षक अशा जोड्या उभ्या कराव्यात, जमल्यास एकाच तालमीतून किंवा एकाच महाविद्यालयातून आलेल्या. त्यांच्यावर वेगवेगळ्या पद्धतीचे चढाईपटू लागोपाठ सोडावेत, आणि किती पकडी झाल्या याबरोबरच किती चढाया रिकाम्या परतल्या याचीही नोंद कागदावर घ्यावी, कारण आजवर जी कामगिरी कोणत्याही दप्तरात रुजू होत नव्हती ती हीच. बारा जणांच्या यादीतील पहिली चार नावे त्या नोंदीवरून लिहावीत. चढाईपटूंची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यावी, आणि ती या निवडलेल्या चौघांविरुद्धच घ्यावी.